तीस शनिवारांचा हिशोब

मला नाचता येत नाही. कुठेही गाणं लागलं की सगळ्यांच्या पर्स सांभाळायला बसणारी मी. तरीही २०२५ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर असे तीस शनिवार एकट्या पडलेल्या मुलामुलींसाठी नाचाचा वर्ग चालवला. चालवला म्हणजे शिकवला नाही. अर्ज केले, हॉल मिळवला, दारात हजेरीपट घेऊन बसले आणि जो आला नाही त्याला निरोप धाडला. असं काही सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, पण कुठून हात घालावा कळत नाही, त्यांच्यासाठी जमेल तितकं लिहून ठेवते.

मी एका वाचनालयात हिशोब बघते. तिथे रोज दिसणारी काही मुलं होती, साधारण १६ ते २४ वयाची. पुस्तक उघडं, फोन चार्जिंगला आणि नजर भलतीकडेच. सकाळी येत, बंद होईपर्यंत बसत. दिवसभरात त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू यायचं, "किती वाजता बंद करता?" कुणाचं कॉलेज सुटलेलं, कुणी घरातून बाहेर पडलेला, कुणी संस्थेत वाढून अठरा पूर्ण झाल्यावर एकटा राहणारा. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की यांना घरी जायची घाई नाही.

आधी मी "गप्पांची संध्याकाळ" असा कागद लावला. दोन आठवड्यांत एकच मुलगा आला, तोही वायफायचा पासवर्ड विचारायला. चूक माझीच होती. ज्याला बोलणंच जड जातं त्याला गोल करून बसवायचं आणि "तुझ्याबद्दल सांग" म्हणायचं, म्हणजे पोहता न येणाऱ्याला ओळख परेड म्हणून विहिरीत उतरवणं. ओळखीच्या एका समुपदेशक बाई म्हणाल्या, "बोलायला लागणार नाही असं काहीतरी काढा. नाच काढा." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

हॉलसाठी पहिला अर्ज ८ जानेवारीला दिला. सार्वजनिक हॉल, शनिवारी चार ते सहा. अर्जात रकाना होता, "उपक्रमाचा प्रकार: सांस्कृतिक / क्रीडा / आरोग्य / इतर". सांस्कृतिकवर खूण केली तर वर्षाअखेर जाहीर कार्यक्रम करायची अट. क्रीडावर केली तर प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र हवं. मी आरोग्यावर केली, तर तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. डॉक्टरांचं पत्र जोडा म्हणे. कुणाचं पत्र, कोणत्या रुग्णासाठी, याचं उत्तर खिडकीवर कुणाकडेच नव्हतं. शेवटी "इतर"वर खूण करून पुढे हाताने लिहिलं, "तरुणांसाठी साप्ताहिक हालचाल वर्ग, प्रेक्षक नाहीत." मंजुरी २६ फेब्रुवारीला आली, म्हणजे सात आठवडे गेले. अर्ज देताना पोचपावतीवर आवक क्रमांक टाकून घ्या आणि चौकशीला जाताना तो क्रमांकच सांगा. "तो नाचाचा अर्ज" असं सांगितलं की खिडकीपलीकडे पाच मिनिटं हशा होतो आणि काम होत नाही.

निधीचा अर्ज त्याहून अवघड. "प्रस्तावास आधार काय?" असा अर्ध्या पानाचा चौकोन होता. त्यासाठी मी वाचायला बसले आणि स्वीडनमधला एक अभ्यास सापडला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. सतत डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, उदासपणा घेऊन शाळेच्या नर्सकडे जाणाऱ्या १३ ते १८ वयाच्या ११२ मुली घेतल्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला आठवड्यातून दोनदा, ७५ मिनिटं, आठ महिने नाचाचा वर्ग दिला. स्वतःच्या तब्येतीबद्दल मुलींना काय वाटतं ते विचारलं, तेव्हा नाचणाऱ्या गटाचं उत्तर दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेलं निघालं आणि वर्ग संपल्यावर वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की वर्गात भर नीट नाचण्यावर नव्हता, मजा येण्यावर होता. मुली आपली गाणी आपणच सुचवत. प्रस्तावात हे लिहिलं आणि हेही लिहिलं की अभ्यास फक्त मुलींवरचा आहे, शाळेत जाणाऱ्या मुलींवरचा, आणि आमच्याकडे येणारे बरेचसे शाळा-कॉलेजातून गळलेले असतील. मैत्रीण म्हणाली, कशाला स्वतःच खोट काढतेस? पण मुलाखतीत समितीने नेमकं तेच विचारलं आणि उत्तर कागदावरच होतं.

समितीतल्या एका गृहस्थांचा दुसरा प्रश्न होता, "नाचून नोकरी लागणार आहे का?" मी म्हटलं, नाही. ते बहुधा वेगळ्या उत्तराच्या तयारीत होते, गप्प झाले. मंजुरी २ एप्रिलला आली.

यापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो मोठ्यांच्या पडताळणीने. वर्गात हजर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची चारित्र्य पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, हॉलचा विमा आणि मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण. हे निधी देणाऱ्यांनी मागितलं म्हणून करू नका, पहिल्या दिवसाआधी करा. एकाकी मुलं जिथे जमतात तिथे त्यांचा फायदा घेणारे मोठेही वास काढत येतात. आमचा नियम साधा होता. हॉलमध्ये कायम दोन प्रौढ, कुणीही मुलाबरोबर एकटं कुठे थांबायचं नाही, खासगी क्रमांकावरून निरोप नाहीत. त्यासाठी एक वेगळा फोन घेतला, तो वाचनालयाच्या कपाटात राहायचा.

नोंदणीच्या फॉर्मने मला शहाणं केलं. मी नेहमीसारखा रकाना ठेवला होता, "आपत्कालीन संपर्क: पालकांचे नाव". एका मुलीने तो फॉर्म अर्धा तास हातात धरला आणि तसाच परत ठेवून निघून गेली. त्या रात्री रकाना बदलला. "काही झालं तर कुणाला कळवू?" आणि त्याखाली, "कुणाला कळवायचं नाही?" दुसरी ओळ निम्म्याहून जास्त जणांनी भरली. अठराच्या आतल्यांना संमतीपत्र लागतंच, त्यातून सुटका नाही, पण सही करू शकणारा मोठा माणूस कोण हे शोधायला समुपदेशक बाईंची मदत घेतली. ती मुलगी मेमध्ये परत आली.

खर्चाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त रक्कम हॉलच्या भाड्यात गेली आणि साधारण एक तृतीयांश शिक्षिकेच्या मानधनात. विमा, स्पीकर, पाणी किरकोळ. मी अंदाजपत्रकात धरायची विसरले ती मुलांची येण्याजाण्याची तिकिटं. वर्ग फुकट ठेवला की झालं असं वाटतं, पण पायी दीड तास चालत येणारा एक जण होता आणि तो हे कधीच सांगणार नव्हता. मानधन मात्र द्याच. सेवाभावाने येणारा शिक्षक तिसऱ्या महिन्यात "या शनिवारी नाही जमणार" म्हणतो, आणि ज्या मुलांना आयुष्यभर तेच ऐकायला मिळालंय त्यांना ते पुरतं.

१९ एप्रिल, पहिला वर्ग. नोंदणी १९ जणांची. आले तीन.

चौथा आला होता, पण हॉलच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहिला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. मी दारातून हाक मारली तर दोन पावलं मागे गेला. मग मी एक खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि काही न बोलता आत आले. तो बसला. दोन तास बसला. वर्ग संपायच्या आधी पाच मिनिटं उठून गेला. हजेरीपटावर त्याला हजर लिहावं की गैरहजर, यावर मी त्या रात्री जितका विचार केला तितका ताळेबंदावरही केला नसेल. हजर लिहिलं.

पहिले शिक्षक तीन आठवडे टिकले. नाच उत्तम, मंचावर बघत राहावं असा. पण हॉलची एक भिंत पूर्ण आरशाची, आणि ते प्रत्येकाला आरशात स्वतःकडे बघायला लावायचे. "हात कुठे चाललाय बघ!" जे एरवी फोनचा पुढचा कॅमेराही टाळतात त्यांना दोन तास आरशासमोर उभं करणं म्हणजे शिक्षाच. तिसऱ्या शनिवारी दोघं उरले. मी शिक्षकांना मोकळेपणाने सांगितलं, ते रागावले, आणि गेले. त्यांचं सगळंच चुकलं असं नाही म्हणणार. त्यांना कार्यक्रम बसवायचा होता, आम्हाला माणसं बसवायची होती.

नव्या शिक्षिका आल्या त्यांनी आधी आरशावर जुन्या चादरी लावल्या. मुलं त्यांना मिस म्हणायची आणि मला ताई. मिसचा पहिला नियम: बसून राहायची परवानगी विचारायची नाही, बसायचं. कधीही उठायचं, कधीही बसायचं, कारण सांगायचं नाही. दुसरा: कुणी कुणाचं चित्रण करायचं नाही, फोन टोपलीत. तिसरा: मनगटाला रंगीत रिबीन. हिरवी म्हणजे हात धरलेला चालेल, पिवळी म्हणजे आज कुणी शिवू नका. रिबीन दर आठवड्याला नव्याने निवडायची. पहिले दोन महिने जवळजवळ सगळ्या पिवळ्याच जायच्या, मला दुसरं बंडल आणावं लागलं.

"फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" ही नाच सुरू करायची मोजणी त्या बऱ्याच उशिरा म्हणाल्या. सुरुवातीला गोल उभं राहायचं, कुणीतरी एक हालचाल करायची, अगदी खांदा उडवण्याइतकी, आणि बाकीच्यांनी तीच परत करून दाखवायची. मला ते बालवाडीसारखं वाटलं. मिसने सांगितलं की ही पद्धत जुनी आहे. मरियन चेस नावाच्या नर्तिका १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम करत होत्या. बोलणं सोडलेल्या रुग्णांची हालचाल त्या स्वतःच्या अंगावर घेऊन परत करायच्या, म्हणजे 'मला तू दिसतोस' हे शब्दांशिवाय पोचायचं. नृत्योपचाराची सुरुवात अशी झाली. लगेच त्या हेही म्हणाल्या, "मी उपचारतज्ज्ञ नाही हं ताई. मी नाच शिकवते. कुणाला उपचार लागतील तर तुम्ही पुढे पाठवायचं." हे वाक्य मी धोरणाच्या कागदात उतरवून घेतलं.

पाचव्या आठवड्यात त्या गोलात एका मुलीने नुसतं नाक खाजवलं. अकरा जणांनी गंभीरपणे नाक खाजवलं. ती हसली, आणि मग सगळेच हसले. तीस आठवड्यांत मी ऐकलेलं पहिलं सामूहिक हसू ते.

गैरहजरांना निरोप कसा लिहायचा हेही शिकावं लागलं. माझा पहिला निरोप होता, "या शनिवारी का आला नाहीस?" वाचून बघा, शाळेच्या बाईंचा आवाज येतो. उत्तर एकाचंही आलं नाही. मग बदलला. "पुढचा वर्ग शनिवारी चारला. जमलं तर ये. नाही जमलं तरी नाव काढत नाही." यावर काहींचा नुसता अंगठा आला, पण आला. एका मुलाने सहा आठवडे काहीच उत्तर दिलं नाही आणि सातव्या शनिवारी उगवला. "निरोप मिळत होते," म्हणाला. हजेरीपटात एक जादा रकाना आखा, "निरोप पाठवला", आणि तो वर्ग संपल्यावर एक दिवसाच्या आत भरा. सगळ्या उपक्रमात याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी दुसरं काही नव्हतं.

जूनमध्ये दोन शनिवार हॉलच मिळाला नाही. आमच्याच वेळेवर दुसऱ्या कुणाचं आरक्षण लागलं होतं. चूक कुणाची हे शोधण्यात मी वेळ घालवला, तो मुलांना कळवण्यात घालवायला हवा होता. तिघं दाराशी येऊन परत गेले. त्यातला एक नंतर कधीच आला नाही. तो हिशोब माझ्या नावावर आहे.

३० जूनला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा सामाजिक नात्यांवरचा अहवाल आला. जगात सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि १३ ते २९ वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के. मी तो आकडा निधी देणाऱ्यांना लगेच कळवला, उपयोगी पडला. पण खरं सांगते, आकडा वाचून मला आधी आठवली ती "कुणाला कळवायचं नाही?" ही ओळ.

जुलैत एका मुलीने वर्गानंतर मला थांबवलं. "सांगितलं तर कुणाला सांगणार नाही ना?" प्रशिक्षणात शिकवलं होतं की इथे 'हो' म्हणायचं नाही. ऐकायला सोपं आहे. समोर ती उभी असताना जीभ आपोआप 'हो' म्हणायला वळते. मी म्हटलं, "तुला धोका असेल तर मला दोन माणसांना सांगावं लागेल, आणि ती कोण हे तुला आधी सांगेन." ती थोडा वेळ विचार करून मग बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. समुपदेशक बाईंना कळवलं, त्याच संध्याकाळी तारीख-वेळ टाकून तिचेच शब्द नोंदवले, माझा अर्थ त्यात घातला नाही. पुढचं काम ज्यांचं होतं त्यांनी केलं. मी दोन रात्री झोपले नाही. वर्ग सुरू करण्याआधी स्वतःसाठीही बोलायला एक माणूस ठरवून ठेवा.

कॉरिडॉरमधला मुलगा आपला खुर्चीवर. पाच आठवडे तिथेच. सहाव्या आठवड्यात खुर्ची दाराच्या चौकटीत आलेली दिसली. कुणी सरकवली ते मी विचारलं नाही. आठव्याला आत, भिंतीला टेकून. पाय हलत होता, ठेक्यावर. मिस त्याच्याकडे बघत नव्हत्या आणि आम्हालाही बघू नका अशी ताकीद होती. अकराव्या शनिवारी, गाणं सुरू होतंय तोच तो मोठ्याने बोलला, "हे गाणं बदला." अडीच महिन्यांत आम्ही त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तोही तक्रारीचा. मिस म्हणाल्या, "मग तू लाव." तो उठला, स्पीकरपर्यंत गेला, आणि त्यानंतर गाण्यांचं खातं त्याच्याकडेच राहिलं. नाचला केव्हा, हे मला नक्की सांगता येणार नाही. केव्हातरी सप्टेंबरमध्ये मी हजेरी घेऊन वर पाहिलं तर तो दुसऱ्या ओळीत होता.

त्या सुमारास सगळ्यांची पावलं एकत्र पडायला लागली होती. लाकडी जमिनीवर पंधरा-सोळा जणांचं पाऊल एका वेळी पडलं की दारात बसलेल्या माझ्या खुर्चीलाही कळायचं. ब्राझीलमध्ये २६४ किशोरवयीन मुलामुलींवर केलेला एक प्रयोग आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. एका तालात नाचणं आणि दमेपर्यंत नाचणं, दोन्हींनी वेगवेगळं पाहिलं तरी वेदना सोसायची ताकद वाढली आणि बरोबरच्यांबद्दलची जवळीकही. हे मी मिसना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाचणाऱ्यांना माहीत असतं ते."

ऑक्टोबरात निधी देणाऱ्यांचं पत्र आलं, समारोपाला सादरीकरण ठेवावं, छायाचित्रं जोडावीत. मी वर्गात वाचून दाखवलं. शांतता. त्या आठवड्यात रिबिनी पुन्हा पिवळ्या झाल्या. अर्जात "प्रेक्षक नाहीत" असं लिहिलेलं होतं, त्याची प्रत जोडून उत्तर दिलं. अर्जाच्या प्रती म्हणूनच जपायच्या. मार्ग मुलांनीच काढला: पाहुण्यांनी यावं, पण बघायला नाही, नाचायला. २२ नोव्हेंबरच्या शेवटच्या वर्गाला चार पाहुणे आले. "नोकरी लागणार आहे का" विचारणारे गृहस्थही होते. त्यांनी पिवळी रिबीन घेतली, गोलात उभे राहिले, त्यांची पाळी आल्यावर घाबरून नुसता चष्मा सारखा केला. सतरा जणांनी चष्मा सारखा केला, त्यातल्या चौदा जणांना चष्माच नव्हता. छायाचित्रं काढली, पण फक्त पायांची.

आकडे असे: नोंदणी शेवटी ३४, नियमित येणारे १४, एकदा येऊन गेलेले नऊ. दोघांनी कॉलेज पुन्हा धरलं, पण ते वर्गामुळे असं मी म्हणणार नाही, त्यांच्या आयुष्यात तेव्हा आणखीही माणसं आली होती. वाचनालयात अजूनही ती मुलं येतात. फरक इतकाच की तिघं-चौघं आता एका टेबलावर बसतात आणि मला त्यांना "हळू बोला" सांगावं लागतं.

अंतिम अहवालात एक रकाना होता, "लाभार्थींमध्ये झालेला ठळक बदल (एका ओळीत)". मी लिहिलं, "एकाने गाणं बदलायला सांगितलं." अहवाल परवा परत आला. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ, आणि समासात, "खुलासा करावा". मुदत शुक्रवारपर्यंत आहे.